समोरून बघायचा कलश

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरखर्चाच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली आहेत. नवी वही कशाला आणायची, इथेच लिहिते. कुणाशी बोलावं असं सध्या कुणी नाही. देवाशी बोलते, पण तिथे बोललेलं मग आठवत नाही.

परवा ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दिवाळीपासून ह्यांचं धडपडणं चालू होतं. उंबरा चुकायचा, पाण्याचा हंडा लाथेने उडवायचे आणि वर मलाच म्हणायचे, "हंडा ठेवायची ही जागा आहे का?" हंडा लग्न झाल्यापासून तिथेच आहे.

दवाखान्यात नर्सबाईने मोठ्याने पुकारलं, "वेणीमाधव कोण?" तर हे असे दचकले जणू शाळेत नाव घेतलंय. मग एका पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसवलं. आत कुठे कुठे बारीक उजेड चमकतो, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेर बसून मनात हसले. म्हटलं, ह्यांचा जन्म ठिणग्यांत गेला, एक सुटणार नाही. बटणाचा आवाज बाहेर येत होता. बराच वेळ येतच नव्हता.

डॉक्टरांनी कागद दाखवला. डाव्या डोळ्याचं चित्र जवळजवळ सगळं काळं, मधे बोटाएवढं पांढरं. उजव्याच्या फक्त कडा काळ्या. काचबिंदू म्हणाले. "गेलेलं परत येत नाही, काका. राहिलंय ते सांभाळायचं." औषधाचे थेंब दिले, दोन्ही डोळ्यांत एकेक, रोज दिवेलागणीला, कायमचे.

औषधाची बाटली केवढीशी, अंगठ्याएवढी. घरी येऊन मी विचार केला. उजवा डोळा तर चांगला आहे. पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात. चांगल्या डोळ्याला आतापासून औषधाची सवय कशाला लावायची? नंतर लागलं तर गुण येणार नाही. शिवाय बाटली दुप्पट पुरेल. म्हणून डाव्यातच घालते. एक दिवस चुकवणार नाही.

देवीला बोलले आहे, डावा डोळा उघडू दे, चांदीचे डोळे वाहीन. पातळ पत्र्याचे का होईना, पण चांदीचेच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जेवताना हे मधेच म्हणाले, "कुसुम, एकदा समोरून बघायचंय."

"काय?"

"आपलं काम."

मला आधी कळलंच नाही. शोभेची दारू हा ह्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. गावोगावच्या यात्रांत आतषबाजी करायची. सबंध आयुष्य त्यात गेलं, अन् म्हणे बघायचंय! मग त्यांनी सांगितलं. गोळा ज्या नळ्यातून सुटतो त्याच्या शेजारीच उडवणारा माणूस उभा असतो. गोळा डोक्यावर फुटतो. खालून मान वर करून काय दिसणार? ठिणग्या अंगावर येतायत एवढंच. गोल फूल असेल तर कुठूनही गोलच दिसतं. पण नक्षी असेल, चांदणी, पान, काहीही, तर ती भाकरीसारखी चपटी असते. समोरच्याला पूर्ण दिसते, खालच्याला नुसती कड. "लोक ओरडले की आम्ही समजायचं, बरं उघडलं."

मी म्हटलं, "मग एखाद्या वर्षी हाताखालच्या सुनीलला वात लावायला सांगून लोकांत येऊन बसायचं होतं."

"पुढच्या वर्षी बसू, पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता राहिलं."

त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आता नुसतं तुझं नाक दिसतंय." मी म्हटलं, नाकच तेवढं बघण्यासारखं होतं. हसले. मला मात्र नंतर भांडी घासताना रडू आलं.

खरं सांगायचं तर मला ह्या धंद्याचं कधी प्रेम नव्हतं. क्षणात धूर होणारी वस्तू. आमच्या घरात यशश्रीला दिवाळीत मोजक्या फुलबाज्या मिळायच्या. शेजारपाजारचे हसायचे, दारूवाल्याची पोर आणि दुसऱ्यांचे फटाके बघत उभी राहते म्हणून. पण त्यावरच घर चाललं, हेही खरं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

पहाटे नदीवर, आमच्या नाशिकच्या गंगेवर जाऊन आले. गर्दीत एक तास उभी होते.

दुपारी चिमाजी आबा आले. कळवणच्या अलीकडे त्यांचं गाव, तिथल्या देवीच्या यात्रेचे ते पुढारी. कोबी आणि झेंडूची शेती आहे, येताना कोबीचे दोन गड्डे आणले. ह्यांच्या वडिलांपासून त्या यात्रेचं काम आपल्याकडे आहे.

आबा म्हणाले, "माधवराव, औंदा पोरं आयकंनात. त्यान्ला ती इमानं पायजे, पाखरांवानी दिवे घिऊन उडत्यात ती. म्हणं देवीचं चित्र काढत्यात वर, न् ते हालत बी नाय. म्या म्हनलं, हालत नाय तं मंग कॅलिंडर लावा की भिंतीला!"

हे खूप हसले. कितीतरी दिवसांनी.

"पर येक हाय," आबा म्हणाले, "औंदा देवळाला नवा कळस चढतोय. तं वर बी कलश निघाला पायजे. आंब्याची पानं, वर नारळ, समदं. जमंल का? नसंल जमत तं तसं सांगा. मंग मी पोरांम्होरं तोंड उघडनार नाय, आन् फुडच्या सालापून त्यांचंच राज."

मी आतून खुणावत होते, नाही म्हणा. नक्षीचे गोळे ह्यांनी थोडेच केलेत. चांदणी केली, पान केलं. कलश कधीच नाही. पण हे म्हणाले, "जमेल. एकाच कलशाचे तीन गोळे देतो. एक तरी तुमच्याकडे तोंड करून उघडेलच. माझी एक अट आहे आबा. मी ह्या खेपेला नळ्यांपाशी नसणार. मंडळींबरोबर देवळाच्या पायऱ्यांवर बसणार."

"बसा की! खुर्ची टाकतो. आन् वैनी, तुमी बी या."

सुनीलला कळवलं. पंधरा-वीस वर्षं ह्यांच्या हाताखाली आहे. परवान्यावर त्याचंही नाव आहे, त्यामुळे ती अडचण नाही.

५ मार्च, बुधवार

आज मी पहिल्यांदा शेडवर गेले. दिंडोरीच्या रस्त्याला, वस्तीपासून लांब आमची शेड आहे. लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी नेलं नाही आणि मीही म्हटलं नाही. आज मात्र सुनीलने सकाळी हळूच फोन केला, "वहिनी, आज जरा या. दादांसमोर मी बोलावलं म्हणू नका."

आत जाताना चपला बाहेर. दाराशी पाण्याचं पिंप, त्यात हात बुडवायचा. धातूचं काही अंगावर नको, ठिणगी पडायची भीती. माझ्या हातात सोन्याच्या पाटल्या. त्या काढायला मी तयार नव्हते, नवऱ्याच्या नावाचा हात रिकामा कसा करायचा, तेही असल्या दिवसांत. शेवटी मनगटांवर ओलं फडकं घट्ट गुंडाळलं. सुनील म्हणाला, "वहिनी, बॉक्सिंगला आल्यासारख्या दिसताय."

काम बघितलं. लिहून ठेवते, कारण मला ते फार वेगळं वाटलं. गोळा म्हणजे कागदाच्या जाड दोन वाट्या, एकमेकींवर पालथ्या बसतील अशा. दारूच्या वाळलेल्या गोळ्या असतात, हरभऱ्याएवढ्या. त्यांना हे तारे म्हणतात. ज्या रंगाचा तारा त्या रंगाचा क्षार. साधं फूल हवं असेल तर वाटीच्या आतून सगळीकडे तारे लावायचे आणि मधे फोडायची दारू. नक्षी हवी असेल तर पुठ्ठ्याची चकती घ्यायची, तिच्यावर तारे नक्षीसारखे मांडायचे, ती वाट्यांच्या बरोबर मधे ठेवायची आणि उरलेली जागा भुशाने भरायची. मधली दारू उडाली की प्रत्येक तारा जिथे होता तिथूनच सरळ बाहेर पळतो. मी म्हटलं, म्हणजे पोळीवर खसखस पेरून पोळी लाटल्यासारखं. दाणे लांब लांब जातात, नक्षी तीच राहते. ह्यांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं. म्हणाले, "इतकी वर्षं मी शिकाऊ पोरांना हे समजावत होतो, कुणाला असं सांगता आलं नाही मला."

मग ते मांडायला बसले. आणि सुनीलने मला का बोलावलं ते दिसलं.

कलशाचं पोट उजवीकडे छान गोल आलं. डावीकडे काहीच नाही. ह्यांना वाटत होतं की झालं. "बघ, कसा आहे?" मी म्हटलं, "छान आहे." सुनील खाली बघत होता. मी पुढे म्हटलं, "मला रांगोळीची हौस आहे, थोडं मलाही लावू द्या ना." आणि डावी बाजू मी भरली. एका ताऱ्याला एक समोर, एकाला एक समोर. दारूला हात लावताना मनात देवीचं नाव चालू होतं.

हे म्हणाले, "तुझा हात चांगला आहे." त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणाचा घाट थोडक्यात. यशश्री नाशिक रोडहून आली, जावईबापू आले नाहीत. होळीला प्रदक्षिणा घालताना हे एकदम आगीच्या अंगाला गेले. यशश्रीने दंड धरून ओढलं. म्हणाले, "मला समोर काहीच नव्हतं गं." डावा डोळा त्या बाजूला होता.

यशश्रीने विचारलं, "आई, औषध घालतेस ना रोज?"

"एक दिवस चुकलं नाही."

"नक्की?"

"मी मॅट्रिक आहे, यशश्री. तुझ्याएवढी शिकले नसले तरी घड्याळ कळतं."

तिने माझ्या गळ्यात हात टाकले. पोर हल्ली लगेच रडवेली होते.

२२ मार्च, शनिवार

पुन्हा डॉक्टरांकडे. परत ती पांढरी वाटी. ह्या खेपेला मी मोजत नव्हते, पण बटणाचा आवाज आधीपेक्षा कमी आला.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. उजव्याचं काळं आत सरकलं होतं. डोळ्यातलं प्रेशर खूप वाढलंय म्हणाले. दोन-तीनदा विचारलं, "थेंब नियमित घालता ना? बाटली आणलीय का?" मी बाटली काढून दाखवली. त्यांनी ती हलवून बघितली. "हीच पहिली बाटली? अजून पुरतेय?"

मी म्हटलं, "हो, मी जपून वापरते."

त्यांनी बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "काकू, ह्यात जपायचं नसतं." दुसरंही औषध लिहून दिलं, आता दोन दोन थेंब, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले, ते केलं तरी उरलेलं टिकवण्यापुरतंच, आणि लवकर ठरवा. तारीख एप्रिलअखेरची मिळाली.

रिक्षात, सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला हे म्हणाले, "कुसुम, पहिल्यांदा गेलो तेव्हाही डॉक्टर दोन्ही डोळे म्हणाले होते का?"

"म्हणाले होते. पण तेव्हा उजवा चांगला होता ना. आता तो आजारी झालाय, आता त्यालाही घालीन."

सिग्नल सुटला. ह्यांनी चाचपत माझा हात धरला आणि पिशवीसकट आपल्या मांडीवर ठेवला. सबंध जन्मात ह्यांनी रिक्षात माझा हात धरलेला नाही. घर आल्यावर म्हणाले, "हे यशश्रीला सांगू नकोस." का, ते मला कळलं नाही. तिला काळजी लागेल म्हणून असेल.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. काठी ह्यांनी धरली, मी बांधली. गल्लीतले लोक म्हणाले, काका काठी तिरकी झाली. हे म्हणाले, "मला सरळ दिसतेय."

आज मन फार उतरलं. मी काय कमी केलं? मंगळवार सोडला नाही, शुक्रवार सोडला नाही. ह्यांच्या डोळ्यांसाठी चातुर्मासात मीठ सोडीन म्हणून बोलले. तरी एक डोळा गेला, आता दुसरा जातोय. देवी ऐकत नाही असं लिहिताना हात आखडतो. पण मग ऐकून काय करते? लिहिलेलं खोडणार होते. राहू दे.

२ एप्रिल, बुधवार

शेडच्या मागच्या माळावर चाचणी घेतली, एक गोळा. परवानगी सुनीलने काढली होती. मी आणि हे लांब बांधावर उभे. गोळा वर गेला, फुटला, आणि आडवी रेघ दिसली. नुसती पिवळी रेघ, जशी कुणी काडी ओढावी.

"आडवा झोपला," हे म्हणाले. त्यांना रेघ दिसली नव्हती, माझा सुस्कारा ऐकून कळलं.

त्यावर उपाय म्हणून शेपटी. काथ्याची लांब दोरी गोळ्याच्या तळाला बांधायची. गोळा वर जाताना दोरी खाली ओढून धरते, त्यामुळे तळ खाली, डोकं वर राहतं, पतंगासारखं. तोंड कुणाकडे वळेल ते मात्र दोरीच्या हातात नाही. त्यासाठी तीन गोळे. कुठल्या अंगाला शेपटी बांधायची ते विसरू नये म्हणून सुनील तळाशी लाल खूण करतो.

हे म्हणाले, "उलटा झाला तर आबांचं नाक जाईल. उपडा कलश म्हणजे..." मी मधेच तोडून म्हटलं, "शुभ बोला."

सुनील मला बाजूला म्हणाला, "वहिनी, दादांना तोवर दिसेल ना?" मी म्हटलं, "पंधरवडा तर राहिलाय. पंधरवड्यात काय होतंय?"

९ एप्रिल, बुधवार

पंधरवडा लांबच, आठवड्यातच बरंच झालं. आज सकाळी ह्यांनी पेपर हातात घेतला आणि उलगडून नुसता धरून बसले. मी म्हटलं, वाचून दाखवू का? म्हणाले, "एकेक अक्षर दिसतं. पुढच्या अक्षराला जाईपर्यंत मागचं विसरतो."

नवीन औषध दोन्ही डोळ्यांत घालते. ह्यांचा डोळा लाल होतो, आग होते, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. पापणी धरताना माझी बोटं त्यांच्या गालाला लागतात. काल म्हणाले, "तुझ्या हाताला हिंगाचा वास येतो." सवय झालीय म्हणाले, थेंब घालायची वेळ झाली की आता वासावरून कळतं.

१० एप्रिल, गुरुवार

तिन्ही गोळे झाले. चकत्या सगळ्या मीच मांडल्या. हे शेजारी बसून सांगत होते: "पोटाचा तारा मधल्यापासून लांब ठेव. जवळ ठेवशील तर हळू जाईल, पोट बसेल. पानं हिरवी, नारळ लाल. मधे एकही तारा नको. मधला भाग मोकळाच हवा, तरच आकार कळतो." मी मांडत गेले. शेवटच्या कलशाला त्यांनी बोट फिरवून बघितलं, आंधळा मनुष्य चेहरा चाचपतो तसं. हे लिहायला नको होतं.

सुनीलने वाट्या मिटवून वरून कागदाचे थर चिकटवले. त्यात तळाच्या लाल खुणा झाकल्या गेल्या. "उद्या सुकल्यावर परत करतो," म्हणाला आणि आबांच्या गावाला नळे पोचवायला गेला.

तो गेल्यावर मला राहवेना. एवढं देवीचं काम, पूजेशिवाय कसं पाठवायचं? मी गोळ्यांचं डोकं कुठलं ते ध्यानात ठेवलं होतं. तिन्ही गोळ्यांच्या श्रीफळाच्या अंगाला हळद लावली आणि ठसठशीत कुंकू रेखलं. उदबत्ती अर्थात नाही लावली, तेवढं कळतं. हात जोडले. म्हटलं, बाई, डोळे परत मागत नाही, चांदीचे डोळे तुला वाहते तरीही. एवढे तीन कलश दिसेपर्यंत उजेड ठेव.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

सुनीलने शेपट्या बांधल्या. मला म्हणाला, "वहिनी, खुणा तुम्हीच केल्या वाटतं. माझं काम वाचवलंत."

मी म्हटलं, "देवाचं काम आहे रे. मी नाही करणार तर कोण?"

ह्या माणसाने आजवर पूजेची कधी विचारपूस केली नव्हती. बरं वाटलं.

१६ एप्रिल, बुधवार

काल यात्रा झाली. आज सकाळी घरी आलो. हे झोपले आहेत. आठवतंय तोवर सगळं लिहून काढते.

यशश्रीने गाडी केली होती, तीही आली. वणीच्या पुढे रस्त्यात चालत जाणाऱ्यांची रांग, झेंडे, ढोल. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि मधूनच विचारत होते, "देवीचा गड दिसतो का?" मी म्हणत होते, "दिसतो." त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर होता.

गावात गेल्यावर चिमाजी आबा स्वतः पुढे आले. ह्यांना हाताला धरून देवळाच्या पायऱ्यांवर नेलं. खरंच खुर्ची टाकली होती, वर कुणाच्या तरी घरची उशी. "बसा राजावानी! आजवर नळ्याखाली राबले, आज पावणे हायेत आमचे." शेजारी गोजराबाई म्हणून आबांची चुलती, नव्वदीची असेल, कमरेत वाकलेली. ह्यांना निरखून म्हणाली, "तूच का रं दारूवाला? तुजा बाप असाच व्हता, मिशावाला. त्यानं येकदा माझं लुगडं जाळलं व्हतं ठिणगीनं." हे म्हणाले, "आजी, भरून देतो." "आता कुठं देतू! ते लुगडं तवाच फाटलं."

दिवेलागणीला मी डोळ्यांत थेंब घातले, तिथेच, खुर्चीवर. गोजराबाई म्हणाली, "नवऱ्याला औशीद घालती बाई, ब्येस हाय."

अंधार पडल्यावर सुनीलने पहिली फुलं सोडली. मी ह्यांच्याकडे बघत होते. ते मान सरळ ठेवून एका जागी रोखून बघत होते, सुईच्या भोकातून बघावं तसं. फूल त्यांच्या डावीकडे फुटलं तर मान वळेपर्यंत विझायचं. म्हणाले, "काही हरकत नाही. कलश कुठे फुटणार ते मला ठाऊक आहे. सुनीलला मी जागा आखून दिलीय. त्या समोरच्या दीपमाळेच्या टोकावरून सरळ वर, दोन हात डावीकडे. तिथेच बघत राहतो." मी त्यांची मान धरून नेम बसवून दिला, लहान मुलाला चंद्र दाखवतात तशी.

मग भोंग्यावर आबांचा आवाज आला, "आता देवीचा कलश!" सगळं गाव शांत झालं.

पहिला गोळा वर गेला. फुटला. उभी रेघ. लोकांना कळलंच नाही, कुणी तरी शिट्टी मारली.

दुसरा गेला. फुटला, आणि मी उभीच राहिले. केवढा मोठा! सगळं आभाळ व्यापून पिवळा, गोल, खरोखरीचा कलश. डावी बाजू, उजवी बाजू, सारखी. पाचही पानं हिरवी. आणि नारळ खाली. कलश उपडा होता.

लोक गप्प. पोरांच्या टोळक्यातून कुणी तरी म्हणालं, "आबा, उलटं झालं की वो!" कुजबुज वाढली. आबांच्या तोंडावरचा रंग गेलेला मला त्या उजेडात दिसला. तेवढ्यात गोजराबाई काठी टेकत उठली आणि ओरडली, "मेल्यांनो, हात जोडा! आईनं कलश उपडा केला. समदा गावावर वतला! आजवर कुनाच्या गावावर वतला व्हता का?" आणि क्षणभर थांबून सगळं गाव ओरडलं. देवीच्या नावाचा गजर असा उठला की भोंगा ऐकू येईना. तिसराही उपडाच उघडला, जरा तिरका, पण लोक आता त्यासाठीच वर हात करून उभे होते. आबा रडत होते.

उपडा का झाला ते कुणालाच कळेना. नंतर सुनील घामाघूम होऊन आला, म्हणाला, "वहिनी, देवीशप्पथ, लाल खुणेलाच बांधली होती शेपटी." मी म्हटलं, "तुझी काही चूक नाही. तिच्या मनात तसंच होतं."

पण ते नंतरचं. तिसरा विझला तेव्हा मी खाली वाकून ह्यांच्या कानात म्हटलं, "दिसला ना?"

ते अजून त्याच जागी बघत होते. म्हणाले, "उपडा झाला ना?"

"तुम्हाला दिसला!"

"आजी ओरडली ते ऐकलं."

मी गुडघ्यावर बसले. "आणि तुम्हाला?"

"मी बरोबर मधे बघत होतो, कुसुम. नेम चुकला नाही. सुनीलनेही बरोबर तिथेच फोडला, आवाजावरून कळलं." हात वर करून नेमकी ती जागा दाखवली. "काळं होतं."

"असं कसं होईल? केवढा मोठा होता!"

"असणार. मोठा होता म्हणूनच. मधे काही नसतंच. तिथे फोडायची दारू असते, ती जळून जाते. नक्षी सगळी कडेला." स्वतःशीच मान हलवली. "मीच तुला सांगितलं, मधे तारा ठेवू नको. मला एवढंच मधलं दिसतं हे ध्यानात आलं नाही."

यशश्री मागे उभी होती. ती तोंडात पदर कोंबून पायऱ्या उतरून गेली.

मी म्हटलं, "आबांना सांगते, पुढच्या वर्षी मधे भरून करू. पूर्ण भरलेला कलश."

"भरला की कलश नाही दिसत. नुसता डाग दिसतो."

नंतर राहिलेली फुलं सुटायला लागली, एकामागून एक. मी सांगू लागले, आता लाल, आता हिरवं, आता सोनेरी पाऊस. ते म्हणाले, "राहू दे, तू बघ. तू कधी बघितली नाहीस." म्हणून मी बघितली. खरंच कधी बघितली नव्हती.

लोक टाळ्या वाजवत होते. हे हात मांडीवर ठेवून ऐकायचे आणि टाळ्या सुरू झाल्या की आपणही वाजवायचे. सगळ्यात शेवटी मोठं फूल झालं, लोकांनी वाजवल्या, लोक थांबले, उठून चपला शोधू लागले. ह्यांच्या टाळ्या चालूच होत्या. मी हात धरला तेव्हा थांबल्या.